रुसलेला मामा

बिडकीनपासून बजाजनगरपर्यंतच्या सगळ्या सोयऱ्यांत सूर्यभानची एकच ख्याती होती: माणूस चांगला, पण नाकावर माशी बसू देत नाही. लग्नपत्रिका घेऊन येणारा त्याच्या दारात जरा घाबरतच चपला काढायचा. पत्रिकेत याचं नाव कितव्या ओळीत घ्यायचं, फेटा कुणाच्या आधी बांधायचा, पंगतीला कुठं बसवायचं, याचा काथ्याकूट लग्नाच्या आठ दिवस आधीपासून चालायचा. मांडवात तो दिसला रे दिसला की कुणीतरी धावत यायचं, दंडाला धरायचं आणि थेट पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर, अगदी मधोमध, नेऊन बसवायचं. "मामा, हिथंच बसायचं. हलायचं नाय."

खरं सांगायचं तर सूर्यभानइतका मऊ माणूस वाळूजच्या अख्ख्या एमआयडीसीत शोधून सापडला नसता. एका कंपनीत तो वीस वर्षं तयार पार्ट तपासायचं काम करत होता आणि या वीस वर्षांत त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. खराब निघालेला पार्टसुद्धा तो हळूच बाजूला ठेवायचा, जणू त्याला वाईट वाटेल. मानपान त्याला मुळात कळतच नव्हतं. आणि पहिल्या रांगेतला तो मधोमधचा सोफा म्हणजे तर त्याच्या जिवाला घोर होता, कारण तिथून बाहेर पडायला वाट नसायची.

ही ख्याती त्याला मिळाली दोन वर्षांपूर्वी, थोरल्या भाचीच्या, तनुजाच्या लग्नात. सूर्यभानची थोरली बहीण कडूबाई बिडकीनला दिलेली. तिला दोन मुली आणि भाऊ हा एकच. तेव्हा नवरीच्या पाठीमागं उभं राहायला मामा म्हणून दुसरा कुणी असण्याचा प्रश्नच नव्हता. माइकवरून हाक झाली, सूर्यभान गेला, उभा राहिला. दोन मंगलाष्टकं बरी गेली. तिसऱ्याला छातीत असा काही ठोका पडला की त्याला वाटलं, संपलं. बोटं बधिर झाली, घसा आवळला, समोरची हजार माणसं एकदम अंगावर चालून आल्यासारखी वाटली. तो मागच्या मागं सरकला, स्वयंपाकघराच्या बाजूनं बाहेर पडला, मोटारसायकलला किक मारली आणि डोक्यावर फेटा तसाच घेऊन बजाजनगर गाठलं. घरी पोचेपर्यंत छाती शांत झाली होती. लाज मात्र सुरू झाली होती.

इकडं मांडवात चौथं अष्टक एका चुलत मामाला नवरीमागं ढकलून उरकण्यात आलं, आणि पंगतीत शोध सुरू झाला की मामा का गेला? भर मांडवातून मामा निघून जातो, तो कशापायी जाणार? तासाभरात उत्तरही सापडलं. मानपानाचं काम कडूबाईच्या धाकट्या दिराकडं, रामप्रसादकडं होतं. त्यानं आधी नवरदेवाच्या मामाला फेटा बांधला आणि मग सूर्यभानला. झालं तर मग. मामा रुसला.

तिसऱ्या दिवशी कडूबाईचा नवरा पुंजाराम पुरा पोशाख, फेटा, टॉवेल आणि नारळ घेऊन बजाजनगरात हजर झाला. जन्मभर ज्याला "सूर्या, अरे सूर्या" म्हणत आला, त्याला हात जोडून म्हणाला, "सूर्यभानराव, चुकलं आमचं. पदरात घ्या."

सूर्यभानला तेव्हाच सांगता आलं असतं. पण काय सांगणार? की मी भ्यालो? भाचीच्या लग्नात, हजार माणसांत, छातीवर हात ठेवून पळालो? तापट म्हणवून घेणं परवडतं, भित्रा म्हणवून घेणं परवडत नाही. त्यानं मान खाली घातली, तोंड फुगवल्यासारखं केलं आणि फेटा बांधून घेतला. पुंजाराम तिथून जो उठला तो घरी जाऊन पाठच्या भावाला चार माणसांत वाटेल ते बोलला. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. एकाच बांधाला लागून रानं, पण एक आला की दुसरा निघून जायचा. सूर्यभानला हे सगळं कळत होतं, आणि कळत असल्यामुळं त्याला बिडकीनचा रस्ताच नकोसा झाला होता.

आणि आता धाकटीचं, अपेक्षाचं लग्न वैशाखात धरलं होतं. सुपारी फुटली त्याच दिवशी तिनं फोन केला. "मामा, माझ्यामागं तूच उभा राहायचं. चुलत-बिलत मला चालणार नाय."

"व्हय व्हय," सूर्यभान म्हणाला आणि फोन ठेवून पलंगावर बसला. दीपमाला, त्याची बायको, भाजी निवडत होती. तिनं त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि भाजी बाजूला सारली.

दीपमालाला सगळं ठाऊक होतं. कंपनीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली की हा खाली उतरून पायी चालू लागतो, हे तिला ठाऊक होतं. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या, हातात पाण्याची बाटली आणि मोटारसायकल कायम रस्त्याकडं तोंड करून लावलेली, हेही. चार वेळा ईसीजी झाला होता आणि चारही वेळा हृदय ठणठणीत निघालं होतं. शेवटच्या वेळी हृदयाच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं, तर हा चिठ्ठी खिशात कोंबून म्हणाला होता, "मी काय येडा हाये का?"

त्याच चिठ्ठीची घडी आता दीपमालानं डब्यातून काढून त्याच्यापुढं ठेवली. "येडे नाय तुम्ही. पण भेता की नाय? तेवढ्यापुरतं तर चला."

तो गेला. शहरातल्या त्या दवाखान्यात डॉक्टर सोनिया नावाच्या, त्याच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान अशा बाई होत्या. सूर्यभानला वाटलं होतं, आता आपल्याला लहानपणचं काहीबाही विचारतील. त्यांनी विचारलं, "दादा, नोकरीत काय करता?"

त्यानं सांगितलं. गेज लावून पार्ट तपासायचा, मापात बसला तर पुढं, नाही बसला तर रिजेक्ट.

"आणि समजा दिवसभर चांगलेच पार्ट येतायत, पण सगळे रिजेक्ट होतायत. मग?"

"मग पार्टात खोट नसती, मॅडम. गेज बिघडलेलं असतं. ते दुरुस्तीला पाठवायचं."

"हेच झालंय तुमचं. छाती ठीक आहे, हातपाय ठीक आहेत. धोका ओळखणारं जे आत असतं ना, ते बिघडलंय. काही नसताना रिजेक्ट, रिजेक्ट करत सुटतंय. याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. पुष्कळांना असतं, आणि बरं होतं."

तीन वर्षं जे सूर्यभानला मरण वाटत होतं त्याला नाव होतं, आणि इतकं साधं होतं! दवाखान्याच्या त्या खुर्चीत त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते रुमालानं घाम पुसल्यासारखं करून पुसलं.

डॉक्टरांनी रोज घ्यायची एक गोळी लिहून दिली. पहिला आठवडा जरा अस्वस्थ वाटेल, गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, मधेच आपल्या मनानं बंद करायची नाही. "सवय लागंल का?" त्यानं विचारलं. लागणार नाही, पण थांबवताना आपण दोघं मिळून हळूहळू थांबवू, असं त्या म्हणाल्या. आणि गोळीपेक्षा अवघड काम पुढंच होतं. ज्या-ज्या जागी भीती वाटते त्यांची यादी करायची, सगळ्यात सोपी खाली आणि सगळ्यात कठीण वर, आणि खालून एकेक पायरी चढायची. तिथं जायचं, भीती येऊ द्यायची आणि ती उतरेपर्यंत थांबायचं.

"पळून आलं की त्या वेळी बरं वाटतं," त्या म्हणाल्या, "पण आतल्या गेजला पटतं की खरंच धोका होता. म्हणून पुढच्या वेळी ते अजून जोरात ओरडतं. थांबलात तर त्याला कळेल की काही झालं नाही. आणि बाटली, पेपरमिंट घरी ठेवायचं."

"पेपरमिंटबी?" सूर्यभाननं असं विचारलं, जणू किडनीच मागितली होती.

यादीच्या सगळ्यात वर त्यानं लिहिलं: अपेक्षाचं लग्न. डॉक्टरांनी ती वाचली आणि सहज विचारलं, "मागच्या लग्नात काय झालं ते घरच्यांना माहीत आहे?" सूर्यभान वरच्या पंख्याकडं बघत राहिला. त्यांनीही मग जास्त विचारलं नाही.

पुढचे तीन महिने बजाजनगरात एक नवल झालं. एरवी लग्नं टाळणारा सूर्यभान सगळ्या लग्नांना जायला लागला. शेजाऱ्याचा पुतण्या, सुपरवायझरची मेव्हणी, ज्यांच्या पत्रिका उगाच शिष्टाचार म्हणून आल्या होत्या, अशांच्यासुद्धा लग्नाला नवरा-बायको ठेवणीतले कपडे घालून हजर. त्याआधी किराणा दुकानाची रांग झाली. मग सिटी बसमध्ये मधल्या सीटवर, खिडकीही नाही आणि दारही नाही, असा तो शहरातल्या 'बाबा पेट्रोल पंप' स्टॉपपर्यंत गेला. रविवारी शहागंजच्या बाजारात, जिथं माणसाला माणूस घासतो, तिथं दीपमालानं त्याला कपड्याच्या दुकानात आत, अगदी आत नेऊन बसवलं आणि मुद्दाम चाळीस साड्या उलगडायला लावल्या. बाराव्या साडीला त्याला धडधड सुरू झाली. पंचविसाव्या साडीला ती उतरली. चाळिसाव्या साडीला तो म्हणाला, "ती मोरपंखी बरी हाये." दुकानदाराला त्यातलं काहीच कळलं नाही, पण साडी खपली.

सगळंच सरळ चाललं होतं असं नाही. एका लग्नातून तो पुन्हा पळाला आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. डॉक्टर म्हणाल्या, "एकदा पळालात. अकरा वेळा थांबलात. ते कोण मोजणार?" ते त्याला पटलं. पुढच्याच आठवड्यात तो त्याच कार्यालयात दुसऱ्या कुणाच्या लग्नाला जाऊन थांबून आला.

चैत्राच्या अखेरीस कडूबाई, पुंजाराम आणि अपेक्षा पत्रिका घेऊन आले. पहिली पत्रिका देवाला ठेवतात आणि दुसरी मामाच्या घरी येते. कडूबाईनं भावाला कुंकू लावलं, पुंजारामनं अक्षता आणि पत्रिका हातात दिली आणि बैठक मारून बसला.

"सूर्यभानराव, या टायमाला तुमच्या मानात काडीचीबी कसर राहणार नाय. फेटा मी सोता बांधणार, सगळ्यांच्या आधी. आन् त्या रामप्रसादला तर मांडवाच्या सावलीलाबी उभं करणार नाय. सख्खा असला म्हणून काय झालं?"

दीपमाला चहाचं आधण ठेवायला निघाली होती, ती दारातच थांबली. सूर्यभानच्या छातीत ओळखीची धडधड सुरू झाली. बोटांना मुंग्या आल्या. हे काही लग्न नव्हतं, शहागंज नव्हतं, त्याच्याच घरातली बैठक होती, आणि तरी यादीतल्या कुठल्याच जागी तो इतका भ्याला नव्हता. पण आता त्याला एवढं ठाऊक झालं होतं की छाती धडधडत असतानाही माणसाला बोलता येतं.

"दाजी, रामप्रसादची काय चूक नव्हती."

"तुमचं मन मोठं हाये, म्हणून तुमी..."

"मन मोठं नाय. मी रुसलो नव्हतोच. मी भ्यालो व्हतो."

पुंजाराम सावरून बसला. "कुणाला? कोनी भेव दाखवलं तुमाला? नाव सांगा फक्त!"

"कुणी नाय, दाजी. आपोआप येतं ते." मग सूर्यभाननं सगळं सांगितलं. बसमधलं, ईसीजीचं, तिसऱ्या अष्टकाचं, डॉक्टरांचं, गोळीचं. सांगताना आवाज दोनदा फाटला, तरी तो थांबला नाही. "तुमी पोशाख घेऊन आले तवाच मी सांगायला पाह्यजे व्हतं. लाज वाटली. माझ्यापायी तुमचा भाऊ तुटला. माफी मागायची तर मी मागायला पाह्यजे."

पुंजाराम उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "म्हंजी दोन वर्सं मी पाठच्या भावाशी बोललो नाय. त्याच्या लेकीच्या बारशाला गेलो नाय. बांधावर समोरासमोर आलो तर मान फिरवली. आन् सूर्या, तू हिथं खुशाल फेटा बांधून घेत व्हता? कामून बोलला नाय रे तू?"

दोन वर्षांनी सूर्यभान पुन्हा सूर्या झाला होता आणि इतक्या शिव्या खातानाही त्याला ते कानाला गोड लागलं.

पुंजाराम चहा न घेता जिना उतरला. कडूबाईनं भावाकडं एकवार टक लावून पाहिलं आणि ती नवऱ्याच्या मागं गेली. अपेक्षा चप्पल घालता घालता दारात रेंगाळली.

"मामा, उभा राहशील ना?"

"राहीन. पण थरथरलो तर हसू नको."

"थरथर की. माझेबी पाय थरथरणारच हायेत."

पुंजाराम त्या दिवशी घरी गेलाच नाही. तडक रामप्रसादच्या रानात गेला. तिथं दोघांत काय बोलणं झालं ते कुणालाच सांगता येत नाही, पण संध्याकाळी दोघं एका ताटात जेवले, एवढं रामप्रसादच्या बायकोनं फोनवर सांगितलं. मागून फोन हिसकावून घेत रामप्रसाद ओरडला, "मामा, तुमचा फेटा मीच बांधणार! लई दिवसाचं राहिलंय माझं!"

आणि त्यानं बांधला. लग्नाच्या दिवशी, कार्यालयाच्या खोलीत, त्यानं सूर्यभानला खुर्चीवर बसवून करकचून फेटा बांधला आणि म्हणाला, "आता तुमी पळालात तरी ह्यो जागचा हलायचा नाय." खोलीतले सगळे हसले, सूर्यभान सगळ्यात जास्त हसला. लपवायला काही उरलं नसलं की माणसाला किती हलकं वाटतं, हे त्याला सेहेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. मोटारसायकल त्यानं पार आत, चार गाड्यांच्या मागं लावली होती. खिशात रुमालाशिवाय काही नव्हतं.

दुपारी साडेबाराला माइकवरून हाक आली. नवरीचे मामा, नवरीच्या पाठीमागं उभे राहा. सूर्यभान गेला. अंतरपाट धरला गेला, पहिलं अष्टक सुरू झालं. प्रत्येक अष्टकाच्या शेवटी भटजी साऱ्या मांडवाला सावधान करत होते. सूर्यभान तर सकाळपासूनच सावधान होता. पहिलं गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला ते आलं. तोच ठोका, त्याच मुंग्या, तोच आवळलेला घसा. स्वयंपाकघराकडची वाट त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसली. आली आहेस तर उभी राहा माझ्याबरोबर, तो मनात भीतीला म्हणाला. पाय थरथरत होते. समोर अपेक्षाच्या खांद्यावरचा शालूही थरथरत होता. चौथ्याला ते छातीवर बसून राहिलं. पाचव्याला किंचित उतरलं. सहाव्याला सूर्यभानला भटजींचा आवाज नीट ऐकू यायला लागला आणि ते चांगलेच बेसूर आहेत हे त्याच्या लक्षात आलं. मग टाळ्या, अक्षता, बँड, आणि तो जिथं होता तिथंच होता. अपेक्षानं मागं वळून पाहिलं आणि घामेजलेल्या मामाकडं बघून ती खुदकन हसली.

पंगती बसल्यावर कडूबाई त्याला शोधत आली. पत्रिकेच्या दिवसापासून ती त्याच्याशी नीट बोलली नव्हती. त्याला वाटलं, आता खरी बोलणी खायची. तिनं त्याला कडेच्या खोलीत नेलं आणि त्याचा हात हातात घेतला. तो अजून गार होता.

"आईचे हात असेच गार पडायचे," कडूबाई म्हणाली. "बाजाराच्या दिवशी. देवळात गर्दी झाली की. त्या दिवशी तू बोलला अन् तवापासून माझ्या डोक्यातून जाईना. सूर्या, माझ्या पाठवणीला आई दारातल्या वट्ट्यावर आली नव्हती. मागच्या खोलीत बसून राह्यली. सगळे म्हणले, तिला स्थळ पसंत नाय, आई रुसली. मरेस्तोवर माझ्या घरी आली नाय. दोन्ही बाळंतपणं झाली, घर बांधलं, कदीच नाय. मी बी मग तिच्याशी तेवढ्यास तेवढी राह्यले."

सूर्यभानला तिच्या तोंडाकडं बघवेना. आईनं त्याला एक गोष्ट कुणाला सांगू नको म्हटलं होतं आणि त्यानं ती खरंच कुणाला सांगितली नव्हती, स्वतःलाही नीटशी नाही.

"अक्का, मी कॉलेजात व्हतो तवा आईला घेऊन तुझ्याकडं निघालो व्हतो. तनुजा झाली तवा. डिंकाचे लाडू बांधून घेतलते. स्टँडवर बस आली, सगळे चढले, आन् आई माझा हात धरून मागं फिरली. तिचा घसाच बंद झालता. म्हणली, अक्काला सांगू नको, तिला वाईट वाटंल."

"निघाली व्हती?" कडूबाई म्हणाली. "माझ्याकडं?"

"तीनदा निघाली. तिन्ही टायमाला लाडू व्हते."

कडूबाई खाली सतरंजीवर बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. सूर्यभान तिच्याशेजारी बसून राहिला, तिचं रडणं संपेपर्यंत. बाहेर पुंजाराम आणि रामप्रसाद मिळून पंगतीत आग्रह करत होते, त्यांचा आवाज आत येत होता. बऱ्याच वेळानं कडूबाईनं पदरानं तोंड पुसलं. पाठवणीपासूनचं तेहतीस वर्षांचं ओझं उतरलेल्या बाईचा चेहरा सूर्यभाननं पहिल्यांदाच पाहिला.

"म्हंजी आई रुसली नव्हती माझ्यावर," ती म्हणाली.

"नाय अक्का. लई भ्याली व्हती."

कडूबाईनं मान हलवली. मग उठून केस सारखे केले, आणि लेकीची पाठवणी करायला ती थेट दारात जाऊन उभी राहिली.